माहेरची मल्हार, सासरची शार्दूल

माझं नाव बजरंग आहे आणि माझ्या स्वभावाशी त्या नावाचा काही संबंध नाही. लातूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवलं, शाळेचं ग्रंथालय सांभाळलं आणि निवृत्त झालो. चढ्या आवाजात बोलणं मला कधी जमलं नाही. रिक्षावाल्यानं चुकीच्या चौकात उतरवलं तरी मी पैसे देतो आणि चालत घरी येतो. म्हणून हे मी घाबरत घाबरत लिहीत असेन असं कुणालाही वाटेल. तसं नाही. राग अजून गेलेला नाही.

राग दोन माणसांचा आहे आणि दोघंही माझ्या नात्यातली आहेत.

पहिला माझा भाचा भागवत. माझी थोरली बहीण अर्धापूरला दिलेली. तिथं त्यांच्या केळीच्या बागा आहेत आणि केळी वाहायला भागवतकडे मल्हार कंपनीची पिकअप आहे. दुसरे श्रीमंतराव, रेणापूरचे, भागवतच्या बहिणीचे, म्हणजे माझ्या भाची पुनमचे सासरे. घरात त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या अंगणात शार्दूल कंपनीच्या तीन पिकअप उभ्या असतात. दोन्ही गाड्या एकाच आकाराच्या, एकाच कामाच्या. बाजारात माल न्यायचा, येताना खत आणायचं. पण या दोघांपैकी कुणासमोर असं म्हणून बघा.

भागवतच्या गाडीच्या मागच्या काचेवर आईवडिलांचं नाव बारीक अक्षरात आहे आणि 'मल्हार' हातभर. श्रीमंतराव तर गाडीवरून माणूस ओळखतात. गल्लीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की ते मुलाच्या नोकरीआधी दारातली गाडी विचारतात. शार्दूल असेल तर म्हणतात, "घर भरवशाचं हाय." मल्हारवाल्याची गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली तर हे थांबत नाहीत. पाना मागितला तरी देत नाहीत. या कंपन्यांच्या मालकांनी रेणापूर नकाशावर तरी पाहिलं असेल का, असा प्रश्न मला अनेकदा पडला. विचारला मात्र कधी नाही.

दोघांचं खरं बिनसलं ते पुनमच्या लग्नात. रेणापूरचं वऱ्हाड अर्धापूरला शार्दूलमधून आलं. मांडव बागेला लागून होता, आदल्या दिवशी केळीला पाणी दिलेलं, आणि श्रीमंतरावांची गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. भागवतनं मल्हार आणली, टोचन लावलं आणि ओढून काढली. मदतच केली, पण गुपचूप केली असती तर ती मदत राहिली असती. यानं हॉर्न वाजवत, मित्रांना "मल्हार! मल्हार!" असं ओरडायला लावत, साऱ्या वऱ्हाडासमोरून व्याह्यांची गाडी मिरवत नेली. मित्रानं त्याचा व्हिडिओ केला. दर वर्षी बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवशी भागवत तो व्हिडिओ पुन्हा टाकतो. नवरा-नवरीचा फोटो टाकत नाही.

श्रीमंतरावांनी त्या दिवसापासून व्याह्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. आणि या सगळ्याच्या मधे माझी भाची उभी.

पुनमनं सासरी रोपवाटिका काढली. शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, कोबीची रोपं, ट्रेमध्ये वाढवलेली. रोपं चांगली असत, पण ती शेतावर पोचवायला सासऱ्यांची गाडी मोकळी व्हायची वाट बघावी लागे. गाडी खत आणायला गेलेली असे, नाहीतर कुणाच्या तरी बैलाला दवाखान्यात घेऊन. तोवर ट्रे उन्हात माना टाकत. शेतकरी एकदा थांबतो, दुसऱ्यांदा दुसरीकडे जातो. शेवटी तिनं स्वतः गाडी शिकून परवाना काढला, बँकेतून स्वतःच्या नावावर कर्ज मंजूर करून घेतलं. आता सोमवारपर्यंत बँकेला सांगायचं होतं की गाडी कोणती. नाही सांगितलं तर मंजुरी रद्द, आणि पुन्हा सासऱ्यांच्या गाडीची वाट.

ती मला घेऊन लातुरात दोन्ही दुकानांत गेली. नुसत्या गाड्या बघितल्या नाहीत तिनं. येताना दोन भरलेले ट्रे आणले होते, ते प्रत्येक गाडीत चढवून, उतरवून बघितले. शार्दूलचा माल भरायचा हौदा तिच्या छातीशी येत होता, मल्हारचा कमरेच्या जरा वर. मल्हारचा मागचा फाळका एका हातानं उघडत होता. दुकानामागच्या बोळात मल्हार एका दमात वळली, शार्दूलला मागेपुढे करावं लागलं. दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, भरायला-उतरवायला माणसं असतात की." ती म्हणाली, "माझ्याकडं मीच हाय."

बाहेर चहा पिताना ती मला म्हणाली, "मामा, मला मल्हारच बरी पडते. पण माझ्या तोंडून नाव निघालं की संपलं. आबा म्हणतील माहेरची गाडी आणली. गाव म्हणंल हुंड्यात आली. तुम्ही सांगा. रविवारी घरी या आणि तुमचं मत म्हणून सांगा. तुमचं ते ऐकतात."

"माझं?" मी म्हणालो.

"तुम्ही वाचलेले हाव ना. एवढंच करा माझ्यासाठी. आणि दादाला काही कळू देऊ नका."

मी हो म्हणालो, आणि घरी आल्यावर घाबरलो. मी तिच्या आईचा भाऊ. माझं मत भाचीच्या बाजूनं आधीच झुकलेलं नसेल कशावरून? मग मी दोन्ही कंपन्यांची, शिवाय बाजारातल्या तिसऱ्या एका कंपनीचीही, माहितीपत्रकं वाचून काढली. शार्दूलचं इंजिन खरोखर जास्त ताकदीचं होतं. तिचा मेकॅनिक रेणापुरातच होता, मल्हारसाठी लातूरला यावं लागणार होतं. जुनी विकायला काढली तर शार्दूलला भाव जास्त. हे सगळं एका बाजूला मांडलं की मला वाटे, श्रीमंतराव बरोबर आहेत. मग त्या पोरीनं छातीपर्यंत उचललेला ट्रे आठवे. तसे ट्रे ती रोज उचलणार, वर्षानुवर्षं. त्यापुढे इंजिनाची ताकद मिरचीच्या रोपांना कशाला हवी होती?

तरी खात्री होईना. तेव्हा मी एक मूर्खपणा केला. मल्हार रोजच्या वापरात डिझेल किती खाते ते नक्की कळावं म्हणून भागवतला फोन केला. सहज विचारतोय असं भासवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला तर सायकल येत न्हाई. कोणासाठी विचारून राहिले?" रविवारी रेणापूरला जायचंय असं मी काहीतरी पुटपुटलो. "कळलं, कळलं," तो हसला, आणि मी ते हसणं कानाआड केलं.

रविवारी सकाळी मी रेणापूरला पोचलो तेव्हा अंगणात श्रीमंतराव, त्यांचे दोन शार्दूलवाले शेजारी आणि पुनमचा नवरा नवनाथ बसलेले होते. एका शार्दूलमध्ये निलंग्याच्या एका शेतकऱ्यासाठी मिरचीचे ट्रे भरून ठेवले होते. बैठक आटोपली की नवनाथ आणि पुनम ते घेऊन जाणार होते. पुनमच्या सासूबाई, तुळजाबाई, चहा घेऊन आल्या. पुनम दाराच्या चौकटीशी उभी होती.

"या गुरुजी," श्रीमंतराव म्हणाले. "ऐकलं तुम्ही गाड्यांचा अभ्यास केलाय म्हणं. सांगा आमच्या सुनेला, शार्दूल कोणत्या रंगाची घ्यायची."

शेजारी हसले. मी खिशातला कागद काढला. "म्हणजे, दोन्ही गाड्यांत गुण आहेत," मी सुरुवात केली. "शार्दूलचं इंजिन चांगलं आहे..."

"बघा!"

"...पण कामाचा विचार केला तर, म्हणजे काम कोणतं आणि करणारं कोण, यावर..."

"गुरुजी, करणारं माणूस आमच्या घरचं हाय. मग गाडी कुणाच्या घरची पाहिजे?"

पुनम माझ्याकडे बघत होती. एक शब्द म्हणायचा होता मला. तो माझ्या ओठांवर आला होता असं मी आजही स्वतःला सांगतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायला लागले.

दोन मल्हार आत आल्या. पुढची भागवत चालवत होता, मागची त्याचा एक मित्र. बोनेटवर झेंडूचा हार, टपावर स्पीकर. तो उतरला तो पेढ्यांचा पुडा उघडतच. "आबा, तोंड गोड करा! बहिणीनं शेवटी माहेरचीच गाडी धरली!"

पुनमनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं की हे कुठून फुटलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"दादा, तू कशाला आलास?" ती पुढे येऊन म्हणाली. "कुणी बोलावलं तुला?"

"अगं, आपली गाडी येणार अन् मी येणार न्हाई?"

"आपली न्हाई. माझी येणार हाय."

"तेच की. आपलीच."

श्रीमंतराव उठून उभे राहिले होते. "पाव्हणं," ते म्हणाले, "पेढे तुमच्या गाडीला चारा. हे डबडं माझ्या अंगणात उभं राहणार न्हाई."

"डबडं?" भागवतनं मोबाइल काढला. "ह्या डबड्यानं कुणाला चिखलातून काढलं ते दाखवू का सगळ्यांना?" आणि त्यानं तो व्हिडिओ लावलाच. 'मल्हार, मल्हार' असा आवाज अंगणभर घुमला. एक शेजारी तोंड फिरवून हसला. ते श्रीमंतरावांनी पाहिलं.

"तेव्हा गाडी रुतलेली होती रे! ओली जमीन तुमची, अन् फुशारकी पण तुमचीच! कोरड्यात लाव टोचन. बुडाला बूड लावून. बघू कोण कुणाला ओढतंय ते."

"लावा की. आत्ता लावा. अन् हरलेल्यानं गाडीचं नाव काढायचं न्हाई."

"ज्याची गाडी जिंकंल ती गाडी ही घेईल," श्रीमंतराव पुनमकडे बोट करून म्हणाले. "बास. मिटलं."

मिटलं! जिच्या नावावर कर्ज होतं, जी हप्ते फेडणार होती, जी गाडी चालवणार होती, तिच्या गाडीचा निर्णय ती दारात उभी असताना असा लागला.

"खाली करा रे गाडी," श्रीमंतरावांनी हुकूम सोडला. ते ज्या शार्दूलला टोचन लावणार होते तिच्यातच मिरचीची रोपं होती.

"आबा, रोपं काढू नका," पुनम म्हणाली. "ऊन वाढलंय. दुसरी गाडी घ्या."

"ही नवी हाय. पाच मिनिटांचं काम. परत भरू."

नवनाथनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि ट्रे उतरवायला लागला. त्याचाही मला राग आहे, पण त्याच्यात मला माझाच चेहरा दिसला, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ट्रे गाडीच्या पुढ्यात, लिंबाच्या सावलीत, ओळीनं मांडले गेले. सावली तिथेच होती, म्हणून तिथे. एवढा साधा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही की टोचन सुटलं तर गाडी कुठे जाईल. माझ्याही नाही. मी हातात चहाचा कप घेऊन उभा होतो.

दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, मधे साखळी. एकीत भागवत, दुसरीत स्वतः श्रीमंतराव, पासष्टीचा माणूस, डोक्याचा फेटा नीट करून बसलेला. इंजिनं ओरडायला लागली. धूर झाला, चाकं मुरूम उडवायला लागली. आधी मल्हार हातभर मागे आली, शेजारी ओरडले. मग शार्दूल मागे गेली, भागवतचा मित्र ओरडला. गल्लीतली माणसं भिंतींवर चढली. तुळजाबाई "आवो, बंद करा, बंद करा" म्हणत होत्या आणि ते कुणाला ऐकू जाणार?

मग एक हूक तुटला. श्रीमंतरावांची गाडी गोळी सुटावी तशी पुढे गेली, ट्रेच्या ओळीवरून, आणि लिंबाच्या खोडाला बंपर लावून थांबली.

श्रीमंतराव खाली उतरले. त्यांना काही लागलं नव्हतं. आणि त्यांचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही.

"हूक तुझा तुटला! बघा, बघा सगळ्यांनी, हूक मल्हारचा तुटलाय!"

"मल्हारचा कसा? साखळीला शार्दूलचाच तुकडा लटकून राहिला की!"

दोघं साखळी हातात घेऊन वाकले. शेजारी वाकले, मित्र वाकले. कंपनीनं हूक कुठे जोडलेला असतो, लोखंड कुणाचं कसं असतं, यावर अंगणात खडाजंगी सुरू झाली. गाडीच्या चाकांखाली ट्रे चिरडले होते. कोवळी मिरची आणि ट्रेमधलं नारळाच्या भुशाचं कोकोपीट यांचा हिरवा-तपकिरी लगदा झाला होता. पुनम गुडघ्यांवर बसून जगलेली रोपं वेगळी काढत होती. तुळजाबाई तिच्या शेजारी बसल्या. त्या दोघींखेरीज कुणीही तिकडे बघत नव्हतं.

मी जवळ गेलो. वाकता येईना, म्हणून नुसता उभा राहिलो.

"मामा," ती वर न बघता म्हणाली, "मला ह्या दोन्हीतली कुठलीच नको. मल्हार घेतली तर दादाची होईल. शार्दूल घेतली तर आबांची. उद्या तिसऱ्या कंपनीची जी मिळंल ती लिहून देते. माझी तरी म्हणता येईल."

तिसऱ्या कंपनीची गाडीही मी अभ्यासली होती. तिचा हौदा तर शार्दूलपेक्षाही उंच. म्हणजे या दोघांचं तोंड बंद राहावं म्हणून ही मुलगी जन्मभर प्रत्येक ट्रे वीतभर अधिक उचलणार. आणि ते दोघं अजून हुकावरच होते.

"मल्हार," मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही. माझा आवाजच तसा. मी हातातला कप खाली आपटला. तो फुटला. तुळजाबाईंचा चांगल्यातला कप होता.

"मल्हार घे!" मी ओरडलो. आवाज मधेच चिरकला, पण थांबला नाही. "ऐका! दोघंही ऐका. श्रीमंतराव, मी सांगतो, तिनं मल्हार घ्यावी. हौदा खाली आहे म्हणून. तिला उचलायला सोपं पडतं म्हणून. दुसरं कारण नाही!"

"म्हणजे शेवटी भाचीच्याच माहेरची बाजू," श्रीमंतराव म्हणाले. "वाटलंच होतं."

"जिंकलो!" भागवतनं हात वर केला.

"गप बस!" मी त्याच्याकडे वळलो. त्याला मी कधी अरे म्हटलं होतं की नाही आठवत नाही. "तू काय जिंकलास? ती रोपं बघ. तिकडं बघ, गाढवा! बहिणीचं अख्खं नुकसान करून पेढे वाटतोस? ती गाडी तुझी नाही. तिला तुझा हार नको, तुझं स्टिकर नको, तू तिच्या जवळ फिरकायचं नाहीस. आणि तुम्ही! सुनेच्या कर्जाच्या गाडीवर पैज लावता? त्या कंपन्यांतला एक माणूस तरी तुम्हाला ओळखतो का? तुम्ही मेलात तर एक फूल तरी पाठवतील का ते?"

शेवटचं वाक्य जास्त झालं. म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच अंगणात, मरणाचं बोललो. ते मला आजही बोचतं. पण बाकीच्यातला एक शब्दही मागे घ्यायला मन तयार होत नाही.

श्रीमंतरावांचा चेहरा काळवंडला. "गुरुजी," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही सोयरे हाव, म्हणून ऐकून घेतलं. घेऊ द्या तिला जी घ्यायची ती. पण ती गाडी ह्या अंगणात येणार न्हाई."

पुनम उभी राहिली. हातांना माती होती. "न्हाई आणणार आबा," ती म्हणाली. "रोपवाटिकेत उभी करीन. तिथं कुंपण घालते."

"एकटीची गाडी तिथं? चोरीला जाईल."

"गेली तर माझी जाईल."

श्रीमंतराव गाडीचा बंपर बघायला वळले. उरलेले ट्रे पोचवायचे होते. भागवत म्हणाला, "चल, मी सोडतो," आणि त्याच क्षणी श्रीमंतराव म्हणाले, "नवनाथ, दुसरी काढ." पुनमनं दोघांनाही नको म्हटलं आणि नाक्यावरचा भाड्याचा टेम्पो बोलावला. मी तिच्याबरोबर निलंग्याला गेलो. वाटेत मी फोनबद्दल सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "कळलंय मामा. नका सांगू." निलंग्याचा शेतकरी भडकला, अर्धीच रोपं कशी आणली म्हणून. त्याचं शेत तयार होतं, बायका लावणीला उभ्या होत्या. पुनम सगळं ऐकून घेत होती. मला तिथेही ओरडावंसं वाटलं, पण त्याचं काय चुकलं होतं?

सोमवारी ती बँकेत गेली आणि मल्हारचं नाव देऊन आली.

गाडी आली त्याला आता काही महिने झाले. ती रोपवाटिकेत उभी असते. तुळजाबाई रोज दुपारी तिथे जाऊन बसतात, गाडीवर लक्ष ठेवायला. श्रीमंतराव त्या रस्त्यानं जातच नाहीत, लांबचा वळसा घेतात. पुनमशी ते बोलतात, जेवढ्यास तेवढं. माझ्याशी बोलत नाहीत. पुनम म्हणते, काम बरं चाललंय, ट्रे उचलून पाठ दुखत नाही. हे ऐकलं की मला वाटतं मी बरोबर केलं. संध्याकाळी पुस्तक उघडून बसलो की वाटतं, तिच्या घरात मी एक भिंत उभी करून आलो. दोन्ही खरं असेल.

परवा भागवतचा फोन आला. त्या रविवारनंतरचा पहिलाच. मला वाटलं, माफी मागेल. निदान बहिणीची रोपवाटिका कशी चालली आहे ते विचारेल.

"मामा," तो म्हणाला, "मानलं तुम्हाला. काहीही म्हणा, शेवटी जिंकली मल्हारच ना?"

मी फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला. माझा हात सवयीनं पुढे गेला, इतक्या लांबून कुणी फोन करतंय तर उचलायला हवा म्हणून. मग मी हात मागे घेतला आणि फोन वाजत राहू दिला.